मागितलेला दाणा

फ्लोरेन्स, १८ ऑक्टोबर १५०१, संत ल्यूकचा सण

सेल्वाज्जाबाई,

सहा वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. घडी उघडायच्या आधी मी पवित्र मातेच्या चित्रापुढे जाऊन उभी राहिले, कारण इतक्या वर्षांनी पत्र येतं ते माणूस गेल्याचंच. वाचलं, तर गेलेलं नाही, जायच्या वाटेवर आहे. ते तर मला तुमच्या आधीच ठाऊक होतं. तुम्ही दोघं तिकडे लुक्क्यात, इथे पाऊल ठेवायची सोय नाही, आणि तुमचा मुलगा लान्दो इथे कोतवालीच्या बुरुजात. रोज त्याला बघणारी मीच.

तो धड आहे. दोरावर टांगल्यानं खांदे निखळले होते, ते तिथल्या न्हाव्यानं बसवले. उजव्या हातानं घास उचलत नाही, म्हणून मी भरवते. पहारेकऱ्याला सांगितलं, मी ह्याची दाई. तो म्हणाला, "एवढ्या बाप्याला अजून पाजतेस काय?" मी म्हटलं, "भरवते. तुझ्याही आईनं भरवलं असेल, पण वाया गेलं." तेव्हापासून मुकाट आत सोडतो.

शहरावर राज्य करून हद्दपार झालेल्या घराण्याची पत्रं शहरात पोचवली, हे लान्दोनं कबूल केलं. कुणाला, ते सांगितलं नाही. नऊ नगरप्रमुख बसले. काळा दाणा म्हणजे होकार, पांढरा म्हणजे नकार; सहा काळे पडले की शिक्षा पक्की, आणि सहाच पडले. शिक्षा मानेची. आता उरलं ते महासभेकडे दाद मागणं. तिथे दाद मान्य करायला दोन तृतीयांश काळे दाणे पडले, तर मान वाचते आणि नुसती हद्दपारी होते.

दाद मागायचा हा कायदा झाला, तेव्हा तुमचे बार्दोसाहेब नगरवाड्याच्या पायऱ्यांवर काय म्हणाले होते, ते अजून लोकांना पाठ आहे. "उद्या माझ्या मानेचा निवाडा पिंपवाला करणार, परवा न्हावी." मी उणंदुणं काढत नाही. तुम्ही लिहिलंत, "तुझ्या नवऱ्याला आणि त्याच्या सभेतल्या मंडळींना सांग," म्हणून आठवलं, इतकंच.

लान्दोही बापावरच गेलाय. अर्जावर सही करायला तयार नव्हता. म्हणाला, "अगं दाई, चांभार, लोहार आणि भटारी, ह्यांच्यापुढे हात जोडू? त्यांनी टाकलेल्या तुकड्यावर जगू? त्यापेक्षा नऊ शहाण्यांनी मारलेलं परवडेल."

मी म्हटलं, "बाळा, ज्या सहांनी काळा दाणा टाकला ते सगळे तुझ्या बापाच्या पंगतीला जेवून गेलेले आहेत."

त्यावर त्यानं कागद जवळ ओढला. मग डाव्या हातानं सही केली. अक्षर अगदी नुकतं गिरवायला लागलेल्या पोरासारखं आलं.

आता तुमच्या मुख्य मागणीविषयी. सभेचा दाणा कुणी कुणाकडे मागायचा नाही, हा कायदा आहे. सभासद शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घेतात. आमच्या गल्लीत म्हणतात, मागितलेला दाणा मेलेला. तेव्हा ते माझ्याच्यानं होणार नाही. जेवण नेईन, सदरा धुऊन देईन, जपमाळ ओढीन. ह्याहून जास्त मागू नका.

पत्र वाचून जाळा. ज्याच्या तेलाच्या बुधल्यांबरोबर ते येतं-जातं, तो खेचरवाला पोराबाळांचा आहे.

तादेआ

२३ ऑक्टोबर

सेल्वाज्जाबाई,

तुम्ही पाठवलेलं लोकरीचं कापड पोचलं. हात न लावता पेटीत ठेवलंय. "भट्टीवरच्या बायकांना हिवाळ्यासाठी" असं लिहिलंत, पण हा हिवाळा कुठला ते त्यांनाही कळेल. लान्दो सुटला की त्याच खेचरावर परत पाठवीन.

आमच्या ह्यांचं विचारलंत. खरं सांगू का, मला काही समजत नाही. सकाळपासून पिंपांच्या फळ्या तासतात, दुपारी कढण पितात, आणि लान्दोचं नाव काढलं की तोंडाला कडं बसवल्यासारखे गप्प.

काल जेवताना म्हटलं, "अहो, सभा कधी?"

"घंटा वाजेल तेव्हा."

"मग?"

"मग जाईन. बसेन."

"आणि दाणा?"

"टाकीन."

"कुठला?"

"तादेआ, दोन दाणे हातात देतात. मूठ झाकून एक पेटीत टाकायचा, दुसरा परत. माझ्या डाव्या हाताला कळू देत नाही मी. तुला कुठून सांगू?"

आणि पावानं ताट पुसून उठले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुझाच नवरा. पण सेल्वाज्जा, तुझ्या मुलीच्या लग्नातलं मी विसरले नाही, तर हे कसे विसरतील? ह्यांच्या आजोबांचं नाव कधीकाळी नगरप्रमुख निवडायच्या चिठ्ठ्यांच्या पिशवीतून निघालं होतं. ते महिन्यापूर्वीच वारले होते, म्हणून चिठ्ठी वाचून फाडून टाकली. पण भर सभेत नाव वाचलं गेलं, आणि त्या वाचण्यावर आज नातू महासभेत बसतो. मेलेल्या म्हाताऱ्याच्या जिवावर, असं मीही चेष्टेनं म्हणते. पण ह्यांना त्याचं केवढं अप्रूप. लांब झगा शिवून घेतला, कर्जाशिवाय, आणि तो पहिल्यांदा घातला तुझ्या घरच्या लग्नात. तुझ्या जावयाकडचं कुणीतरी म्हणालं, "दारूचं पिंप आलं वाटतं, आपल्या पायांनी." सगळी पंगत हसली. बार्दोसाहेब सर्वांत जास्त. तू हसली नव्हतीस, मी बघत होते. पण तू कुणाला थांबवलंही नाहीस. मला नोकरांच्या ओळीत बसवलं होतं ते मी सोडून दिलं असतं. माझ्या आईनं तुला पाजलं, मी तुझ्या लान्दोला, दुधाचा हिशोब कुणी ठेवत नाही. पण ह्यांचं ते हसू.

त्यानंतर तो झगा फक्त सभेला बाहेर निघतो.

आज शेजारचा जेरी चांभार आणि नूतो भटारी कारखान्यात येऊन बसले होते. मी आत कोबी चिरत होते.

जेरी म्हणाला, "बड्यांचं पोर आहे. मरू दे. आपलं असतं तर नवांनी एका दुपारीत लटकवलं असतं."

"म्हणून तर कायदा केला," हे म्हणाले.

"आपल्यासाठी केला."

"त्यावर नाव कुठं लिहिलंय?"

नूतो म्हणाला, "माझं ऐका, कारभार बड्यांनीच बघावा. मला पाव भाजता येतो. फ्रान्सच्या राजाशी काय बोलायचं ते नाही येत."

"बोलू देत की त्यांना राजाशी. पण मान उतरवायची वेळ आली तर मला विचारायचं. त्याला फ्रेंच यावं लागत नाही."

जेरी हसला. "चिमेंती, तू त्या पंगतीत पिंप झालास ना रे?"

ह्यांनी पिंपावर कडं चढवलं. हातोडी जोरात घातली, कडं खाली बसलं. सुरी हातात धरून मी तशीच उभी राहिले. त्या घावाचा अर्थ काय लावायचा ते मला कळेना.

पिप्पाशी, म्हणजे नूतोच्या बायकोशी, भट्टीवर थोडं बोलले. सहज. काळजी करू नकोस.

तादेआ

२८ ऑक्टोबर, संत सायमन आणि जूड

सेल्वाज्जा,

तुझं पत्र मिळालं. रडून शाई पसरवलीस, अर्धं वाचताच आलं नाही. जे वाचलं ते पुरे.

आधी लान्दो. खांद्याला उतार आहे. मासळीचा वार होता म्हणून खारवलेली तारली नेली होती, खाल्ली. पावाचा गर काढून त्याचे दाणे वळतो आणि ओळी लावतो. काही बुरुजाच्या धुळीत घोळून काळे करतो. "दाई, एवढे आले तर जगलो, एवढे आले तर मेलो." मी रागावले. पाव काय खेळायला आणते मी? तर म्हणतो, "बिनमिठाचा आहे, खेळायलाच बरा." तुझ्यासारखंच हसतो, एका गालानं. मग हळूच विचारतो, "चिमेंतीकाका काय म्हणतात?" मी म्हटलं, ते पिंपं बनवतात.

माझा रात्रीचा डोळा लागत नाही. प्रार्थनेचे शब्द चुकतात. देवमातेपुढे दिवा लावते आणि तेलाकडेच बघत बसते.

मागच्या पत्रात लिहिलं, पिप्पाशी सहज बोलले. ते सहज नव्हतं. आणि पिप्पा एकटीही नव्हती. भट्टीवर पीठ घेऊन येतात त्या सगळ्यांशी बोलले. जेरीच्या बायकोशी, कुलपवाल्याच्या सुनेशी, नदीकाठच्या रंगाऱ्यांच्या दोघींशी. दाणा हा शब्द तोंडातून काढला नाही, देवाशपथ. एवढंच म्हटलं, की तो माझ्या अंगावर प्यायलाय. माझी मुलगी गेली त्या आठवड्यात त्याला माझ्या मांडीवर ठेवलं होतं, छाती दुधानं फुटत होती, आणि तो नसता तर मी वेडी झाले असते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. भट्टीवर सांगितलं, पाव वर येईपर्यंत.

जेरीची बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आमच्या दगडाला सांगते मी." मी म्हटलं, "काही सांगू नकोस." पण कशी म्हटलं? जसं पाहुण्याला म्हणतो, आता नको हो, पोट भरलंय, आणि ताट पुढे सरकवतो.

तुझे दीर ऊबेर्तो तर उघड कामाला लागलेत. रोज एकेका बड्याला बोलावून तितर आणि गोड ग्रीक दारू. त्यांच्या स्वैपाकघरातली पोरगी पिप्पाला सांगत होती, परवाच्या रात्री चौदा तितर सोलले. त्याला जेवण म्हणतात. माझ्या भट्टीवरच्या बोलण्याला काय म्हणावं?

ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. हे काळा टाकणार असते, तर मला इतकं करावं लागलं नसतं. टाकणारच नसतील, तर दुसऱ्यांनी तरी टाकावा. ह्याहून सरळ मला काही सुचलं नाही.

शनिवारी घंटा वाजणार असं म्हणतात.

तादेआ

३ नोव्हेंबर

सेल्वाज्जा,

ऊबेर्तोंचा माणूस घोड्यावर निघाला होता, म्हणजे तुला कळलंय. नाही मिळाले. तेवढे काळे दाणे नाही मिळाले.

पण कसं झालं ते ऊबेर्तो लिहिणार नाहीत. मला लिहिलं पाहिजे. मला बसवत नाही, उभ्यानंच लिहितेय, पिठाच्या पेटीवर कागद ठेवून.

शनिवारी सकाळी ह्यांनी झगा घातला. मी बाही झटकून दिली. दारात थांबून म्हणाले, "आज कोबी नको. काहीतरी बरं कर." मला वाटलं, हे काय बोलणं झालं? आता कळतं ते काय होतं.

सभागृहाच्या जिन्यात नूतो भेटला. नूतोला गंमत केल्याशिवाय जिना चढता येत नाही. म्हणाला, "चिमेंती, तुझ्या बायकोनं माझ्या बायकोला इतकं रडवलं की आठवडाभर पाव खारट लागतोय. आज आमच्या घरचा दाणा तुझ्या बायकोनं शिजवलाय बघ."

हे तिथेच थांबले. म्हणाले, "परत बोल."

नूतो परत बोलला. मग त्यालाही समजलं आपण काय बोललो ते. "अरे, बायकांचं बोलणं," असं म्हणायला लागला, पण हे वर निघून गेले होते.

दाणे वाटायच्या आधी चिटणीस कायदा वाचतो. दर वेळी वाचतो, कुणी ऐकत नाही, पादर्‍याचं लॅटिन ऐकावं तसं ऐकतात. "ह्या दाण्यासाठी ज्याच्याकडे मागणी झाली असेल, त्यानं शपथेला स्मरून उठावं, दाणा टाकू नये." मग तो क्षणभर थांबतो, आणि पेट्या फिरतात.

ह्या खेपेला पेट्या फिरायच्या आधी हे उभे राहिले.

चिटणीसानं विचारलं, "तुमच्याकडे कुणी मागितलं?"

"माझ्याकडे कुणी नाही. माझ्या घरातून मागणी निघाली, लोकांच्या घरी गेली. माझा दाणा धरू नका."

"कुणी केली मागणी?"

"ते विचारायचं असेल तर वेगळं बोलवा. आज मी फक्त उठतो."

वरच्या बाकांवर, जिथे मोठी घराणी बसतात, तिथे कुणीतरी हसलं म्हणे. हे दाराकडे चालायला लागले. मग नूतो उठला. त्याचे कान लाल झाले होते, असं त्यानं स्वतःच सांगितलं. मग जेरी. सेल्वाज्जा, तो जेरी, जो "मरू दे" म्हणत होता. त्याच्या बायकोनं त्याला खरंच वळवलं होतं. मग कुलपवाला, मग रंगारी. खालच्या बाकांवरून एकेक जण. ज्यांच्या बायका भट्टीवर रडल्या, ते सगळे.

तितर खाल्लेल्यांतला एकही उठला नाही. पोटावर हात ठेवून बसून राहिले. आणि बसून त्यांनी काय टाकलं, ते देवाला ठाऊक. आपण हद्दपारांच्या बाजूचे वाटू नये म्हणून कितीकांनी पांढरा टाकला असेल. मित्र होते ना.

काळे दाणे कमी पडले. जितके जण उठले, तेवढेही कमी पडले नव्हते. म्हणजे ते बसून राहिले असते, तर.

मी ससा केला होता. उधळपट्टी म्हणून वर्षात एकदाच करते. हे आले, झगा काढून खुंटीला लावला, जेवायला बसले नाहीत.

मी विचारलं, "काळाच टाकणार होतात?"

"आता विचारून काय?"

"मला सांगा."

ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "लग्नात हसले म्हणून मी पोराची मान उतरवीन असं वाटलं तुला. एवढी वर्षं माझ्या ताटात वाढतेस, आणि असं वाटलं."

मी ओरडले. गल्लीत ऐकू गेलं असेल. म्हटलं, "मग बसून का नाही राहिलात? कुणाला कळलं असतं? तो बुरुजात पावाचे दाणे मोजतोय आणि तुम्ही शपथ मोजता?"

म्हणाले, "बड्यांनी आम्हाला सभेत बसू दिलं ते नाइलाजानं. आमच्याकडे घोडे नाहीत, पेढ्या नाहीत. मूठ झाकतो ती खरी झाकतो, एवढंच आमच्याकडे आहे. तेही गेलं तर आम्ही तितर न खाणारे ऊबेर्तो."

मी म्हटलं, हे त्याच्या आईला लिहू का?

म्हणाले, "लिही."

लिहिलं. मला अजून पटलेलं नाही. ससा पिप्पाच्या पोरांना दिला.

तादेआ

११ नोव्हेंबर, संत मार्टिन

सेल्वाज्जा,

लान्दो गेला. मंगळवारी सकाळी.

आदल्या संध्याकाळी मला शेवटचं आत सोडलं. पहारेकऱ्यानं ह्या वेळी काही थट्टा केली नाही. सभेतली हकीकत लान्दोला कळली होती, तरी माझ्या तोंडून त्याला परत ऐकायची होती. कोण कोण उठलं ते विचारलं. नावं सांगितली.

"जेरी म्हणजे तो तोतरा? माझे जोडे करायचा तो?"

"तोच."

"मी त्याचे पैसे कधी वेळेवर दिले नाहीत, दाई." आणि हसायला लागला. हसता हसता खांदा दुखला. मग म्हणाला, "ऊबेर्तोकाकांकडे जेवले त्यांना मी नावानं हाक मारतो. पत्रं पोचवली ती त्यांच्यातल्या काहींनाच. टांगलं तेव्हाही एकाचं नाव घेतलं नाही." मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. केस धुतलेले नव्हते, ते विंचरले.

मी त्याला सांगितलं, भट्टीवर तोंड मी उघडलं. त्यानं नुसता माझा हात धरून ठेवला. माफ केलं का ते बोलला नाही. तूही बोलू नकोस.

आता एक तुला माहीत नसलेलं. आमचे हे काळ्या बुरख्यांच्या मंडळीत आहेत, शिक्षा झालेल्याला शेवटपर्यंत सोबत करतात ती मंडळी. तोंडं झाकलेली असतात, कोण कोण आहे ते घरच्यांनीही विचारायचं नसतं. त्या दिवशी ह्यांची पाळी नव्हती. मागून घेतली. लाकडाच्या फळीवर क्रुसावरच्या प्रभूचं चित्र असतं, ती फळी चालता चालता त्याच्या तोंडासमोर धरायची, म्हणजे त्याला गर्दी दिसत नाही आणि मचाणही दिसत नाही. मी रस्त्याच्या कडेला होते. फळी धरणाऱ्याचा अंगठा मी ओळखला, नख चपटं झालंय हातोडीनं. वाटभर ती फळी एकदाही हलली नाही. लान्दोनं चित्र सोडून काही पाहिलं नाही, एवढं मी शपथेवर सांगू शकते. त्याला त्यांच्याच कबरस्तानात ठेवलंय, वेशीबाहेर. तुमच्या चॅपेलमध्ये न्यायला परवानगी नाही मिळाली.

त्याच संध्याकाळी बार्दोसाहेबांचं पत्र आलं. "पाहिलंस, तुझ्या लहान लोकांच्या हातात शहर दिल्यावर काय होतं ते." त्यांना माझं उत्तर दे. ज्यांनी मारायचं ठरवलं ते सहाही मोठ्या घरांतले. ज्यांनी वाचवलं असतं ते लहान. ते उठले त्याला कारण मी, आणि मला लिहिलंस तू. ह्यात लहान लोकांचा दोष कुठे बसतो, ते त्यांनी दाखवावं.

असं लिहिलं खरं, पण लिहून बरं वाटलं नाही. घरात दोघं एकमेकांना ओलांडून वावरतो. मी मीठ मागते, हे मीठ देतात.

कापड परत पाठवतेय. मोजून घे.

तादेआ

१३ डिसेंबर, संत लूचिया

सेल्वाज्जा,

तू उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस. तरी लिहिते, कारण हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. ह्यांना तर सांगताच येत नाही.

लान्दोनंतर हे सभेला गेले नाहीत. घंटा वाजली की कारखान्यात हातोडीचा आवाज वाढायचा. जेरीही जाईना. नूतो म्हणायचा, "आपण उठलो की माना पडतात, बसलो की वरचे हसतात. भट्टी बरी." वरच्या बाकांना काय, हवंच आहे. पुरेशी लहान माणसं आली नाहीत की सभा भरत नाही, आणि मग नऊ जणांचंच खरं.

काल बाजारात कळलं, दाद मागायला नवा अर्ज आलाय. कुलपं करणाऱ्या एका विधवेचा मुलगा. धान्याच्या दुकानापुढे गर्दी जमवली, नगरप्रमुखांना शिव्या दिल्या. सहा काळे दाणे. मान.

मी घरी आले, झगा खाली काढला, ब्रशनं झाडला, बाहीवरचं कसरीचं भोक शिवलं. हे बघत होते.

"कशाला?"

"घंटा उद्या आहे."

"मी जात नाही."

"जा. मी कुणाशी बोललेली नाही. भट्टीवरसुद्धा 'पाव झाला का' एवढंच विचारते. तुमची मूठ स्वच्छ आहे."

ह्यांनी शिवलेल्या बाहीवरून बोट फिरवलं. मग जेरीला हाक मारायला गेले. येताना म्हणाले, "नूतोही येतोय. जिन्यात गप्प राहायचं कबूल केलंय त्यानं." महिन्याभरानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

आज सकाळी हे मागच्या अंगणात तोंड धूत होते. दारावर थाप पडली. मी कडी काढली. बाहेर एक बाई उभी, डोक्यावर काळं फडकं, माझ्याच वयाची. दोन पायांत दोन तऱ्हेचे जोडे. ती त्या पोराची आई, हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, तुम्हीसुद्धा दूध—"

मी हात सोडवला आणि दार लावलं. तिच्या तोंडावर. कडी घातली.

ती ओरडली नाही. थापा मारत राहिली, हळू हळू, जसं आतल्या तान्ह्याची झोप मोडू नये म्हणून मारतात. मी दाराला पाठ लावून उभी होते. तिनं पुढचं वाक्य बोलू नये म्हणून मोठ्यानं जपमाळेची प्रार्थना म्हणत होते, आणि प्रार्थनेत तिचं पोर सोडून दुसरं काही नव्हतं.

हे पुसत पुसत आत आले. "कोण आहे?"

"भीक मागणारी. मागच्या दारानं जा, उशीर होतोय."

"काही देऊन टाक की तिला."

"देते. तुम्ही जा."

हे मागच्या दारानं गेले. घंटा वाजत होती. थापा थांबल्या, पण ती गेली नव्हती. पायरीवर बसली होती, दाराखालून फडक्याचं टोक दिसत होतं. मी एक पाव घेतला, फडक्यात बांधला, परत सोडला. पाव दिला तर ती बोलेल. बोलली तर मी ऐकीन. मी ऐकलं की संध्याकाळी तोंडावर दिसेल, आणि ह्यांना कळलं की हे पुढच्या खेपेला, किंवा आजच्याच निकालानंतर, उठून सांगतील, आणि तिच्या पोराचेही दाणे मरतील.

अजून ती तिथेच आहे. सभा सुटलेली नाही. मी लिहितेय, कारण हात रिकामा ठेवला तर तो कडीकडे जातो.

तादेआ